मरतुकीच्या वहीतला नसलेला रकाना

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना घसरलेली वाक्यं जरा सावरली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मी नेसरीचा, असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आपोआप सावरून बसतो. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर, बहलोलखान, खिंडीत धावून गेलेले सात वीर. कुसुमाग्रजांची कविता आणि लतादीदींचा आवाज सगळ्यांच्याच कानात असतो. त्यामुळे इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये नेसरीचा एपिसोड म्हटल्यावर तुम्ही काय अपेक्षा केली असेल ते मला कळतंय. सॉरी. आजचा विषय आमच्या काकांची पोल्ट्री आहे.

हसू नका. ब्रॉयलर कोंबडीचा इतिहास जेमतेम ऐंशी वर्षांचा आहे, पण तुमच्या ताटातल्या बहुतेक गोष्टींपेक्षा जास्त नाट्यमय आहे. आणि मी त्या इतिहासात एका दुपारी, स्वतःच्या हुशारीमुळे, वाईट रीतीने अडकलो. ते शेवटाकडे सांगतो.

आधी शेड कसं चालतं ते बघू. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना रस्त्यालगत लांबट, पत्र्याची, जाळीची आणि निळे-पिवळे पडदे लावलेली शेडं दिसतात, त्यातलंच एक आमचं. २०११ मध्ये काकांनी कर्ज काढून बांधलं. पाच हजार स्क्वेअर फूट, पाच हजार पक्षी. करार असा, की पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी, खाली अंथरायचं भाताचं तूस आणि घरातल्या चार माणसांचे हात, हे आपलं. एक दिवसाचं पिल्लू येतं तेव्हा साधारण चाळीस ग्रॅमचं असतं. सहा आठवड्यांनी ते दोन-सव्वादोन किलोच्या वर जातं, मग रात्रीची गाडी येते, लिफ्टिंग होतं आणि काकांना किलोमागे ठरलेला दर मिळतो.

शेडच्या दाराला एक कार्ड लटकवलेलं असतं. तारीख, वय, खाद्याच्या बॅगा, वजन, मरतूक. काका रोज सकाळी मेलेली पिल्लं उचलतात, मोजतात, आकडा लिहितात. सुपरवायझर आला की आधी कार्ड बघतो आणि मग कोंबड्या. कधीकधी फक्त कार्डच.

शाळेत असताना ते कार्ड भरायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा वाटायचं, ही कोंबड्यांची नोंदवही. आता वाटतं, ती तोट्याची नोंदवही होती. कोंबडी मेली की ती कार्डावर यायची. मरायच्या आधी तिचं काय चाललं होतं, त्याला रकानाच नव्हता.

हा रकाना कुठे हरवला, ते शोधायला थोडं मागे जावं लागतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत एक स्पर्धा भरली. नाव होतं 'उद्याची कोंबडी'. ए अँड पी नावाची किराणा दुकानांची मोठी साखळी आणि तिथलं कृषी खातं, दोघांनी मिळून भरवलेली. सगळा रोख मांसावर होता. रुंद छाती, झटपट वाढ, कमी खाद्य. १९४८ मध्ये डेलावेअर राज्यात अंतिम फेरी झाली आणि कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हॅन्ट्रेस जिंकले. कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या दोन जातींचा संकर त्यांनी केला होता. १९५१ मध्ये पुन्हा तेच. आज जगभर विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या एका मोठ्या घराण्याच्या नावात अजूनही 'व्हॅन्ट्रेस' आहे.

त्या स्पर्धेनं काय केलं याचा एक फार सुंदर, खरं तर भीतीदायक, पुरावा आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानं १९५७ आणि १९७८ चे जुने वाण जपून ठेवले होते. संशोधकांनी ते आणि २००५ चा बाजारातला ब्रॉयलर एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. ५६ व्या दिवशी १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. त्यातले तीन पक्ष्यांचे फोटो शोधून बघा. एकाच वयाची तीन भावंडं म्हणून कुणी ओळखणार नाही. लोक म्हणतात ब्रॉयलरला इंजेक्शन देतात म्हणून तो फुगतो. इंजेक्शनची गरजच नाही, सगळं रक्तातच लिहून ठेवलंय. पाय मात्र त्या वेगानं मजबूत झाले नाहीत.

भारतात ही लाट आणण्याचं श्रेय डॉ. बी. व्ही. राव यांना देतात. १९७१ मध्ये त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हेच तिचं केंद्र झालं. १९८२ मध्ये अंड्याचा भाव व्यापाऱ्याऐवजी शेतकऱ्यांनी ठरवावा म्हणून एनईसीसी उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. 'संडे हो या मंडे' वाली हीच ती संस्था. करारावर ब्रॉयलर वाढवायची पद्धत त्यानंतर कोइमतूर भागात जोर धरून सगळीकडे पसरली. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यात परसातल्या सुमारे ३२ कोटी, बाकी सगळी व्यावसायिक.

आमच्या आजीच्या डालग्याखाली सहा गावठी कोंबड्या असायच्या. प्रत्येकीला नाव नव्हतं, पण प्रत्येकीचा स्वभाव आजीला पाठ होता. पाच हजारांच्या शेडमध्ये स्वभाव पाठ करता येत नाही. मग बघायचं कसं? जगभरातल्या लोकांना हाच प्रश्न पडला होता.

१९६४ मध्ये इंग्लंडमध्ये रुथ हॅरिसन या बाईंचं 'अ‍ॅनिमल मशीन्स' नावाचं पुस्तक आलं. बंद शेडांत कोंबड्या, वासरं, डुकरं कशी वाढवतात ते त्यांनी सामान्य वाचकाला दाखवलं. इतका गदारोळ झाला, की सरकारला समिती नेमावी लागली. प्राध्यापक ब्रॅम्बेल तिचे अध्यक्ष. १९६५ च्या शेवटी अहवाल आला. त्यातली एक मागणी ऐकायला इतकी साधी आहे, की ती लिहावी लागली याचंच आश्चर्य वाटतं: जनावराला उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. यातूनच पुढे १९७९ मध्ये प्रसिद्ध 'पाच स्वातंत्र्यं' तयार झाली. भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मुक्तता आणि पाचवं म्हणजे स्वतःच्या जातीप्रमाणे वागण्याची मोकळीक.

याच ब्रॅम्बेल समितीचा एक किस्सा मला प्रचंड आवडतो. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या पायाखाली बारीक तारेची षटकोनी जाळी असायची. समितीला वाटलं, ही बारीक तार पायात रुतत असणार, ती बंद करून जाड तारेची जाळी लावा. माणूस म्हणून आपल्यालाही तेच वाटलं असतं. १९७३ मध्ये ह्यूझ आणि ब्लॅक या दोघा संशोधकांनी एक खोडी केली. त्यांनी कोंबड्यांनाच निवडू दिलं. कोंबड्यांनी समितीनं नापास केलेली बारीक जाळीच पसंत केली. बारीक जाळीत पायाला जास्त ठिकाणी आधार मिळत असणार, असं नंतर लोकांच्या लक्षात आलं.

म्हणजे दयाळू माणसाचा अंदाजही चुकतो. कोंबडीला विचारावं लागतं, आणि विचारायचं कसं हे शिकावं लागतं.

लंगड्या ब्रॉयलरच्या बाबतीत ब्रिस्टल विद्यापीठानं असंच विचारलं. १९९२ मध्ये केस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालीला ० ते ५ गुण द्यायची पद्धत काढली. ० म्हणजे छान चालते, ५ म्हणजे चालूच शकत नाही. पण लंगडणं म्हणजे दुखणं असेलच असं नाही, असा युक्तिवाद व्हायचा. मग २००० साली तिथल्याच गटानं दोन रंगांचं खाद्य ठेवलं, त्यातल्या एकात वेदनाशामक औषध. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं. जितकं लंगडणं जास्त, तितकं औषध जास्त. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये होतो. समोर चिकन थाळी होती. पुढे काय झालं ते सांगत नाही.

२००८ मध्ये ब्रिटनमधल्या ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली गेली. २७.६ टक्के पक्षी नीट चालत नव्हते आणि ३.३ टक्क्यांना जवळपास चालताच येत नव्हतं. हे तिथलं, आपलं नाही. आपल्याकडे पक्षी थोडा आधी, थोडा हलका विकला जातो.

आता आपल्या कायद्याकडे येऊ, फार वेळ लागणार नाही. भरतनाट्यमच्या थोर कलावंत रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, १९५० च्या दशकात त्यांनी खासगी विधेयक आणलं. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिलं आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, अजूनही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात ती ब्रिटिश पाच स्वातंत्र्यं भारतीय कायद्यात वाचून दाखवली. बैलाबद्दल गावोगाव केवढी चर्चा झाली! कोंबडीबद्दल शून्य. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगानं आपला २६९ वा अहवाल फक्त कोंबड्यांवर काढला, अंड्याच्या आणि मांसाच्या पक्ष्यांसाठी नियमांचे वेगवेगळे मसुदे जोडून. आमच्या भागात पोल्ट्री करणाऱ्या ज्या ज्या माणसाला मी विचारलं, त्यातल्या एकानंही त्याबद्दल ऐकलं नव्हतं.

कोंबड्यांवर सरकारी नजर पडते ती माणसाला भीती वाटते तेव्हा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो पक्षी मारून पुरले. मी तिसरी-चौथीत होतो, आमच्या घरातून रविवारची कोंबडी कित्येक महिने गायब झाली. मग २०२० चा मार्च. चिकननं कोरोना होतो, ही व्हॉट्सॲपवरची अफवा. भाव इतका कोसळला, की खाद्याचा खर्च निघेना. आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका शेतकऱ्यानं हजारो पक्षी खड्ड्यात जिवंत पुरले, त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. काकांनी तो एकदा पाहिला आणि फोन मला परत दिला. आमच्याकडे कंपनीनं पक्षी उचलले, पण पुढचे तीन महिने पिल्लं टाकलीच नाहीत. रिकामं शेड आणि चालू हप्ता.

त्याच काळात मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावी होतो. बीटेक झालेला पुतण्या घरी बसलाय म्हटल्यावर काय होणार? नवीन बॅच आली तेव्हा मी शेडमध्ये तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, एक सीसीटीव्ही आणि जुना लॅपटॉप जोडला.

ही कल्पना माझी नव्हती. ऑक्सफर्डच्या मरियन डॉकिन्स यांनी हे आधी केलंय. कॅमेऱ्यानं एकेक कोंबडी ओळखायची नाही, तर पूर्ण कळप पाण्याच्या प्रवाहासारखा बघायचा. प्रत्येक फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये किती हालचाल झाली ते मोजायचं, ज्याला आम्ही ऑप्टिकल फ्लो म्हणतो. निरोगी कळपाची हालचाल सारखी असते. पक्षी लंगडायला लागले की बरेचसे बसलेले आणि मोजके पळणारे, असा आकड्यांचा आकारच वाकडा होतो. हे मी पायथॉनमध्ये लिहिलं, डॅशबोर्ड केला, हिरवा-पिवळा-लाल दिवा केला. काकांना मोठ्या ऐटीत दाखवलं.

काका म्हणाले, "हे मी रोज करतोय की रं. मधनं चालत जायचं. पाणी फाकल्यागत कोंबड्या बाजूला झाल्या तर बरं. एखादा ढिगारा हललाच न्हाई, की समजायचं."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. नंतर वाचलं, की २०१३ मध्ये मार्चेव्स्का आणि एस्तेवेझ या संशोधकांनी हीच पद्धत शास्त्रीय म्हणून मांडली. शेडमधून ठरावीक रेषांवर चालत जायचं आणि लंगडे, आजारी, मळलेले पक्षी मोजायचे.

आता ती दुपार. एप्रिल होता. बॅचचा चाळीसावा दिवस, लिफ्टिंगला गाडी दोन दिवस उशिरा येणार होती, म्हणजे शेड काठोकाठ भरलेलं. मी तोवर पुण्याला परतलो होतो, मीटिंगमध्ये होतो. डॅशबोर्ड ३५ अंश दाखवत होता, दिवा पिवळा. पिवळा म्हणजे बघू नंतर. वीज गेली होती, फॉगर आणि पंखे बंद होते. माझा सेन्सर बॅटरीवर छान चालू होता.

काका दुपारचं जेवून पडले होते. त्यांना जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज बंद झाला म्हणून. पाच हजार पक्ष्यांची कलकल अशी एकदम बसते तेव्हा काय झालंय ते कळायला डॅशबोर्ड लागत नाही. काका-काकू बादल्या घेऊन धावले. पक्षी चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकत होते. कोंबडीला घाम येत नाही, धाप हाच तिचा कूलर. तास-दीड तासात ३१२ पक्षी गेले.

फोनवर काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, तुझं यंत्र कुठं टांगलंयस बघ जरा."

मी तो सेन्सर टांगला होता माझ्या छातीच्या उंचीवर, कडेच्या जाळीजवळ. वायर तिथवरच पोचत होती आणि वाचायला सोपं होतं. तिथे वारा होता. शेडच्या मध्यभागी, तुसाच्या वर सहा इंचांवर, ओलसर लिटरची वाफ आणि एकमेकांना चिकटलेल्या पक्ष्यांच्या अंगातली गरमी, तिथे काय तापमान होतं ते मी मोजलंच नव्हतं.

युरोपातला ब्रॉयलरचा कायदा मी नंतर वाचला, २००७ चा. सगळे पक्षी दिवसातून किमान दोनदा बघायचे. दाटी ठरावीक मर्यादेच्या वर नेणाऱ्यांना आणखी अटी. सावलीत ३० अंशांच्या वर गेलं, तर शेडच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन अंशांहून जास्त नको. अमोनिया २० पीपीएमच्या आत. आणि तो मोजायचा कुठे, तेही लिहिलंय: कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर. ते वाक्य वाचून मी लॅपटॉप बंद केला.

अजून एक गणित. त्याच कायद्यात दाटीची मूळ मर्यादा चौरस मीटरला ३३ किलो. आमच्याकडे पक्ष्याला एक स्क्वेअर फूट, सव्वादोन-अडीच किलोचा पक्षी, म्हणजे चौरस मीटरला साधारण २६ किलो. कागदावर आमचं शेड युरोपपेक्षा ऐसपैस! डॉकिन्स बाईंनी २००४ मध्ये हेच दाखवलं होतं, २७ लाख पक्ष्यांच्या प्रयोगात: नुसत्या दाटीपेक्षा शेडमधली हवा, ओल आणि ऊब यांचा कोंबडीवर जास्त परिणाम होतो. काकांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग दोन पंखे आणि इन्व्हर्टर घे म्हण की सरळ." घेतले. माझ्या बोनसमधून. ते ३१२ पक्षी मात्र कार्डावर काकांच्या नावानं लागले आणि दरात कपात झाली.

इथे मला खरी गोम कळली. लंगडी कोंबडी पाण्यापर्यंत पोचत नाही. तिला तसंच तडफडत ठेवण्यापेक्षा झटकन मान मोडणं बरं, हे काकांना कळतं. पण मोडली की ती मरतुकीत गेली. ठेवली, तर कदाचित गाडी येईपर्यंत तग धरेल आणि वजनात मोजली जाईल. जो शेतकरी नीट बघतो आणि वेळेवर निर्णय घेतो, त्याचंच कार्ड वाईट दिसतं. माझा कॅमेरा कितीही हुशार केला तरी हे बदलत नाही. कोंबडीचे पाय ठरतात कुठेतरी पैदास केंद्रात, गाडीची तारीख ठरते ऑफिसात आणि नोंद होते नेसरीच्या माणसाच्या नावावर.

हे मी सुपरवायझरला बोललो. माणूस चांगला होता. म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या फॉर्ममध्ये तेवढंच भरायला आहे."

सेन्सर आता दोरीवर आहे, शेडच्या मध्यभागी. पिल्लं वाढतील तशी काकू दर आठवड्याला दोरी चढवतात. आणि कार्डाशेजारी आमची स्वतःची एक वही आहे. तिच्यात मी ब्रिस्टलचा ० ते ५ चा तक्ता छापून चिकटवला होता, काकांनी दोन दिवसांत तो खोडून तीन शब्दांवर आणला. बरी, मंद, बसकी. सकाळ-संध्याकाळ दारापासून टोकापर्यंत तीन चकरा, मध्ये किती बसकी दिसल्या तो आकडा. मारावी लागली तर त्यापुढे 'मारली' असं वेगळं लिहायचं. कंपनी ते बघत नाही. शेजारच्या दोन शेडवाल्यांनी मात्र वही मागून नेली आणि तसेच रकाने आखले.

सध्या बॅचचा सत्ताविसावा दिवस चालू आहे. हे रेकॉर्ड करायला बसलो तेवढ्यात काकांचा वहीचा फोटो आला. काल संध्याकाळी बसकी ९, आज सकाळी १४. खाली लिहिलंय, "पश्चिम कोपरा. तूस ओलं हाय का बघतो." मी रेकॉर्डिंग इथेच थांबवतो आणि फोन लावतो.